पोरगं डर्ट ट्रॅकच्या नादी लागलंय, पाठवू की नको?

या वेळचं पत्र आयोवातून आलंय, डे मॉइनजवळून. ताई आणि त्यांचे मिस्टर दोघं नोकरी करतात, मुलगा नऊ वर्षांचा, त्याच्या पाठची एक मुलगी. मे महिन्यात शेजारच्यांनी आपल्या नातवाबरोबर याला जवळच्या नॉक्सव्हिलला डर्ट ट्रॅकवर, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर, स्प्रिंट कारची म्हणजे डोक्यावर पंख लावलेल्या रेसच्या गाड्यांची रेस बघायला नेलं, रात्री साडेअकराला पोरगं केसात माती घेऊन घरी आलं आणि त्या दिवसापासून दुसरं काही बोलतच नाही. वह्यांच्या मागच्या पानांवर पंखवाल्या गाड्या, जेवताना ड्रायव्हरांचे नंबर, दर शनिवारी "आज जाऊया का". ताई लिहितात, "तिथे गाड्या उलटतात, आवाजाने कान फुटायची वेळ येते, आपलं तिथे कोणी नसतं, साताऱ्याहून आलेले सासूसासरे म्हणतात हा कसला नाद, मिस्टर म्हणतात बंद कर. मला पोराचा चेहरा बघवत नाही. तुम्ही मागे एकदा लिहिलं होतं की तुम्ही लहानपणी तिकडे होतात आणि हे बघायला जायचात. तुम्हाला कोणी पाठवलं? मी काय करू?"

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. केसातल्या मातीपाशी थांबलोच, कारण ती माती मला माहितीये, ती नुसत्या पाण्याने निघत नाही, आधी कोरडी होऊ द्यायची आणि मग कंगव्याने काढायची.

1983 मध्ये मी आठ वर्षांचा होतो, बाबांना पेनसिल्व्हेनियात पुलांच्या डिझाइनचं काम मिळालं म्हणून आम्ही पुण्याहून उचलून थेट मेकॅनिक्सबर्गला गेलो. पाच वर्षं राहिलो तिथे. मला इंग्लिश धड येत नव्हतं, शाळेत डब्याच्या वासावरून बोलायचे, मित्र असा कोणी नव्हता. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असायच्या आणि दर शुक्रवारी संध्याकाळी लांबून एक आवाज यायचा, पिठाच्या गिरणीसारखी घरघर, पण ती चढायची, उतरायची, परत चढायची आणि मधेच एकदम थांबायची. आई म्हणायची कारखाना असेल. शेजारी एक आजोबा राहायचे, एनोलाच्या रेल्वे यार्डात आयुष्य काढून रिटायर झालेले, ते कुंपणापाशी उभे राहून मला म्हणाले की तो कारखाना नाही, ते विल्यम्स ग्रोव्ह आहे, बघायचंय का. मी हो म्हटलं. आईने नाही म्हटलं. मग ते बिचारे दोन शुक्रवार आमच्या दारात येऊन आईशी बोलले, कुठे बसतो, किती वाजता परत आणतो सगळं सांगितलं, तेव्हा कुठे आईने सोडलं आणि वर पोळीभाजीचा रोल करून दिला.

विल्यम्स ग्रोव्ह म्हणजे अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, 1939 पासूनचा, तेव्हा त्याला लागूनच एक अम्युझमेंट पार्क पण होतं. मला वाटलेलं डांबरी रस्ता असेल, टीव्हीवर दिसतो तसा. बघतो तर काळीभोर ओली चिकणमाती, टँकर फिरून पाणी मारतायत, गाड्या हळूहळू फिरून ती माती दाबतायत, आणि तो वास. ओल्या शेताचा वास आणि त्यात मिथेनॉलचा गोडसर, डोळ्यांना झोंबणारा वास, दोन्ही एकत्र. या गाड्या पेट्रोलवर नाही, मिथेनॉलवर चालतात. त्यांना स्टार्टर नसतो, बॅटरी नसते, क्लच आणि गिअरबॉक्स पण नसतो. मागून एक ट्रक येऊन गाडीला चक्क ढकलतो, गाडी काही अंतर मुकाट ढकलली जाते, मग ड्रायव्हर आत काहीतरी करतो आणि एकदम फटाक्याची माळ लागावी तसं इंजिन पेटतं. मला पहिल्या दिवशी रेसपेक्षा हेच आवडलेलं. आपल्याकडे बंद पडलेली फियाट चार जण धक्का मारून चालू करायचे ना, तीच गोष्ट इथे रोजची, आणि त्यात कोणाला काही कमीपणा वाटत नव्हता.

तुमच्या मिस्टरांसाठी आकडे देतो, कारण आकड्यांनी माणूस ऐकतो. आजची मोठी स्प्रिंट कार ड्रायव्हर धरून साधारण 635 किलोच्या आसपास भरते, म्हणजे आपल्या जुन्या मारुती 800 एवढी. मारुतीची ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर, हिची 900 च्या घरात. डोक्यावर पाच फूट बाय पाच फुटाचा पंख म्हणजे विंग, पुढे नाकावर अजून एक छोटी. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो, हा उलटा बसवलेला असतो, गाडीला जमिनीवर दाबून धरतो. नॉक्सव्हिलचा अर्ध्या मैलाचा फेरा चांगली गाडी पंधरा-सोळा सेकंदांत मारते आणि वळणावर तिचं स्टिअरिंग उजवीकडे फिरवलेलं असतं, गाडी मात्र डावीकडे जात असते. हे पहिल्यांदा बघितलं की मेंदू नाही म्हणतो.

माझे बाबा पहिली दोन वर्षं आले नाहीत. त्यांचा विरोध नव्हता पण त्यांना तो वेळ फुकट वाटायचा. मी शनिवारी सकाळी उठून बडबड करायचो, ते पेपर वाचत हं हं करायचे. एक दिवस मी म्हटलं की बाबा, मागचं उजवं चाक डाव्यापेक्षा मोठं असतं. त्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, असं कसं, गाडी सरळ कशी जाईल. मी म्हटलं तिला सरळ जायचंच नसतं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग उठून स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणला, तळाला निमुळता आणि तोंडाला रुंद असतो तो, टेबलावर आडवा ठेवला आणि ढकलला. पेला गोल फिरून परत त्यांच्याच हाताशी आला. परत ढकलला, परत आला. "मोठी बाजू जास्त अंतर कापते, लहान बाजू कमी, म्हणून वळतो," असं म्हणाले आणि मग मला विचारलं की दोन्ही चाकं एकाच दांड्यावर पक्की असतात का. मला माहीत नव्हतं. पुढच्या शुक्रवारी आजोबांना विचारून आलो, हो, पक्की असतात, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल मधे नसतो. त्याच्या पुढच्या शुक्रवारी बाबा स्वतः गाडीत येऊन बसले. तिकडे ते या चाकांच्या फरकाला स्टॅगर म्हणतात, आमच्या घरात त्याला पेला म्हणायचे, आजही मी आणि बाबा पेलाच म्हणतो.

आणि ट्रॅकवर बाबा माझ्याआधी उभे राहिले ताई. फीचर म्हणजे शेवटच्या मोठ्या रेसच्या आधी गाड्या चार-चारच्या रांगेत येऊन प्रेक्षकांना सलामी देतात, सगळं स्टँड उभं राहतं, छातीत धडधड होते म्हणजे शब्दशः, आवाज बरगडीला लागतो. बाबा मूळचे सांगलीकडचे, घरी येताना म्हणाले आमच्या माळावर बैलगाड्या सुटायच्या तेव्हा असाच धुरळा आणि अशीच माणसं, आपापल्या गाडीसाठी ओरडणारी. त्यांनी मला त्यांच्या लहानपणाचं तोपर्यंत एवढं कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री वीस मिनिटांचा रस्ता होता, ते सबंध वीस मिनिटं बोलत होते.

आता माझा हिरो. डग वुल्फगँग, साउथ डकोटातल्या सू फॉल्सचा, पण तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या वाइकर्ट लाइव्हस्टॉकची 29 नंबरची गाडी चालवायचा. तुमच्या नॉक्सव्हिलची नॅशनल्स त्याने पाच वेळा जिंकली, त्यातल्या 1984 आणि 1985 च्या याच गाडीत. नॅशनल्स म्हणजे तुमच्या पोराच्या दृष्टीने पंढरीची वारी, 1961 पासून दर ऑगस्टमध्ये असते, फक्त 2020 मध्ये कोविडमुळे झाली नाही. त्या काळात वर्ल्ड ऑफ आउटलॉज नावाचा फिरता ताफा होता, आजही आहे, 1978 मध्ये टेड जॉन्सनने सुरू केलेला, त्यात स्टीव्ह किन्सर राजा, त्याने या मालिकेचं विजेतेपद वीस वेळा जिंकलंय. हा ताफा आमच्या गावात आला की आमचे लोकल ड्रायव्हर त्यांच्याशी भिडायचे, आमच्या या ड्रायव्हरांना पेनसिल्व्हेनिया पॉसी म्हणतात, आणि सगळा गाव आपल्या पोरांच्या मागे उभा राहायचा. मीही उभा राहायचो आणि "आपली पोरं" म्हणायचो. आठ-दहा महिन्यांपूर्वी ज्याला त्या गावात कोणी ओळखत नव्हतं तो मुलगा. तुम्ही लिहिता तिथे आपलं कोणी नसतं, खरंय, आमच्या स्टँडमध्ये भारतीय आम्हीच. पण आमच्या पुढच्या रांगेत एक आजी बसायच्या, त्यांनी मला पहिल्या वर्षी स्वतःची गोधडी दिली पांघरायला, दुसऱ्या वर्षी माझी जागा धरून ठेवायला लागल्या आणि तिसऱ्या वर्षी आईने त्यांच्यासाठी बेसनाचे लाडू पाठवले. आपलं कोणी असणं हे असंच होतं, तिथे परत परत जाऊन बसल्यानेच होतं.

धोक्याचं मी लपवणार नाही. तुम्ही आई आहात, तुम्हाला खरं कळलं पाहिजे. गाड्या उलटतात, मी पण बघितल्यात, हवेत चार-चार कोलांट्या खाऊन पडलेल्या. बहुतेक वेळा ड्रायव्हर पिंजऱ्यासारख्या रोल केजमधून स्वतः बाहेर येतो, हात हलवतो, सगळे टाळ्या वाजवतात. दर वेळी येत नाही. 2016 मध्ये ब्रायन क्लॉसन गेला, कॅन्ससमध्ये मिजेट म्हणजे स्प्रिंट कारपेक्षा छोट्या गाडीच्या रेसमधल्या अपघाताने, त्याचे अवयव दान केले घरच्यांनी. त्याच ऑगस्टमध्ये नॉक्सव्हिलची नॅशनल्स जेसन जॉन्सनने जिंकली आणि दोनच वर्षांनी, 2018 मध्ये, तोही विस्कॉन्सिनमधल्या एका रेसमधल्या अपघाताने गेला. हे तुमच्या मुलाला आज ना उद्या कळणार, बाकीच्या पोरांकडून कळेल नाहीतर इंटरनेटवर कळेल, त्यापेक्षा तुमच्याकडून कळू दे.

मला कसं कळलं ते सांगतो. 1988 मध्ये आम्ही पुण्याला परत आलो. इथे कोणाला स्प्रिंट कार म्हणजे काय हेच माहीत नाही, बातमी मिळायचा काही मार्ग नाही. शेजारचे आजोबा वर्षातून दोनदा पत्र पाठवायचे, त्यात पेपरची कात्रणं. 1992 मध्ये एक पाकीट आलं, मी सतरा वर्षांचा, जिन्यातच फोडलं. वुल्फगँगच्या गाडीने पेट घेतला होता आणि तो आत अडकून भयंकर भाजला होता. मिथेनॉलची ज्वाला दिवसाउजेडी नीट दिसत पण नाही. पत्राला यायला तीन आठवडे लागलेले, म्हणजे तो जगलाय की नाही हेसुद्धा मला माहीत नव्हतं आणि विचारायला कोणी नव्हतं. बाबा ऑफिसातून आले, मी काही न बोलता कात्रण पुढे केलं, त्यांनी वाचलं, शर्ट न बदलता माझ्या शेजारी बसले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, ट्रंक कॉल लावूया आजोबांना. लावला. केवढं बिल आलं असेल तेव्हा. वुल्फगँग जगला, पुढे परत गाडीत बसून रेस पण केली त्याने. पण माझ्या लक्षात काय राहिलंय तर बाबांना कोण वुल्फगँग असं विचारावं लागलं नाही. ते दोन वर्षं न येता तसेच राहिले असते तर त्या संध्याकाळी मी त्या घरात एकटा असतो.

म्हणून ताई, पाठवू की नको असं तुम्ही विचारताय, माझं उत्तर आहे पाठवू नका, घेऊन जा. दोघंही जा. मिस्टर नसतील येत तर आधी तुम्ही जा. डे मॉइनहून नॉक्सव्हिल चाळीसेक मैल आहे, तासाभराचा रस्ता. शेजाऱ्यांचे आभार माना, त्यांनाही बरोबर घ्या, पण पोराच्या शेजारची एक खुर्ची तुमची असू दे. आणि तिथे गेल्यावर त्याला शिकवायला जाऊ नका, त्याला विचारा. नऊ वर्षांच्या पोराला घरात सगळे सगळं शिकवत असतात, शाळा, क्लास, रविवारची मराठी शाळा, त्यात ही एकच गोष्ट अशी आहे की जी त्याला येते आणि तुम्हाला येत नाही. माझं फॅन होणं पण तिथूनच सुरू झालं, मोठ्या माणसाने पेपर खाली ठेवून मला प्रश्न विचारला ना, तिथून.

आता व्यवहाराचं बोलतो. कानाला चांगले इअरमफ घ्या, लहान मुलांच्या मापाचे, कापसाचे बोळे अजिबात नकोत. 100 डेसिबलच्या आवाजात उघड्या कानाने पंधरा मिनिटांच्या वर थांबू नये असं कामगारांसाठीचं माप आहे आणि इथला आवाज त्याच्याही वर जातो, तोही तीन-चार तास. पोराने काढले तर सरळ उठून बाहेर यायचं, यात तडजोड नको. मी लहानपणी नुसते हात लावून बसायचो आणि आज माझ्या डाव्या कानात रात्री बारीक शिट्टी वाजते, म्हणून इतकं कळकळीने सांगतोय. खालच्या रांगांत, जाळीला चिकटून बसू नका, मातीची ढेकळं तिथेच येऊन पडतात आणि एखाद्या गाडीचं काही निघून उडालं तर ते पण तिथेच पहिलं येतं. वरच्या रांगेत बसा, तिथून सबंध ट्रॅक दिसतो. डोळ्यांना साधा पारदर्शक गॉगल, अंगात जुने कपडे, आणि जाकीट न्याच, आयोवात ऊन गेलं की जूनमध्येसुद्धा गारवा येतो.

पहिल्याच वेळी नॅशनल्सला जाऊ नका, तुफान गर्दी असते. साध्या शनिवारी जा. आधी हॉट लॅप म्हणजे सरावाचे फेरे, मग वेळ लावतात, मग हीट म्हणजे छोट्या रेस, आणि शेवटी मोठी रेस, तिला ए-मेन किंवा फीचर म्हणतात. पोराला झोप आली तर हीट बघून निघालात तरी चालेल, त्याला आधी तसं सांगून ठेवा म्हणजे रडारड होणार नाही. रेस संपल्यावर बऱ्याच ट्रॅकवर पिटमध्ये म्हणजे गाड्या उभ्या करतात त्या आवारात जाऊ देतात, तिथे नक्की न्या. चिखलाने माखलेला ड्रायव्हर पोरांशी वाकून बोलतो, सही देतो. हेल्मेटच्या काचेवर पातळ प्लास्टिकचे थर लावलेले असतात, चिखल उडाला की ड्रायव्हर चालत्या रेसमध्ये वरचा एक फाडून टाकतो. तसा एक फाडलेला तुकडा मला 1985 मध्ये मिळाला, अजून माझ्या कंपासपेटीत आहे, कडेला त्याच ट्रॅकची माती चिकटलेली, आता राखाडी झालीये.

सासूसासऱ्यांना दिवसा न्या. नॉक्सव्हिलला ट्रॅकच्या दुसऱ्या वळणापाशीच स्प्रिंट कारचं हॉल ऑफ फेम आणि म्युझियम आहे, 1992 पासून, तिथे आवाज नाही, धूळ नाही आणि गाड्या अगदी जवळून बघता येतात. आजोबांना मागची दोन चाकं दाखवायला नातवाला सांगा. घरून स्टीलचा एक पेला न्या बरोबर, हे मी मनापासून सांगतोय. अभ्यासाची काळजी असेल तर दर आठवड्याला नाही, महिन्यातून दोन शनिवार असं ठरवा आणि ते दोन मात्र मोडू नका. आणि पोर पुढे मागे "मला पण चालवायचीये" म्हणालं तर तेव्हाचं तेव्हा बघू, मला परत लिहा, ते वेगळं पत्र आहे. मुली पण चालवतात बरं का, एरिन क्रॉकरने 2004 मध्ये आउटलॉजची फीचर जिंकली, तशी जिंकणारी ती पहिली बाई, म्हणून धाकटीला घरी ठेवू नका.

येत्या शनिवारी ट्रॅकवर बसलात की बाहेरच्या भिंतीजवळ बघा. गाड्या फिरून फिरून सैल माती तिथे ढकलली जाते, तिचा एक बांध तयार होतो आणि धाडसी ड्रायव्हर उजवं मागचं चाक त्या बांधाला टेकवून वळतात. त्याला कुशन म्हणतात. रात्र चढेल तसा तो बांध जागा बदलत राहतो. कुठे आहे ते तुम्हाला एवढ्यात दिसणार नाही, पोराला विचारा, तो बोट करून दाखवेल.